सात नंबरचा ट्रे

चेहरा ठिपक्यांचा असतो, हे मला आठव्या वर्षी उल्हासनगरात कळलं. जयंतीच्या पत्रकावर छापायला फोटोचा ब्लॉक करायचा होता. बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून कॅम्प तीनमधल्या ब्लॉकवाल्याकडे घेऊन गेले होते. त्याने जस्ताचा पत्रा माझ्या हातात दिला आणि वर भिंग धरलं. ज्या चेहऱ्यापुढे आम्ही विहारात हात जोडायचो, तो चेहरा भिंगाखाली नाहीसाच झाला. उरले नुसते ठिपके, काळ्या जागी जाड, उजळ जागी बारीक. मी घाबरून भिंग बाजूला केलं, तर चेहरा परत आला.

ब्लॉकवाला हसला. "डर गई? ये सब बिंदी है बेटा. आँख जोड़ती है."

घरी येताना मी बाबांना विचारलं, आंधळ्या माणसाला मग ठिपके जोडून कोण देतं? बाबा म्हणाले, "दांडीवर नीट बस." चढ होता.

बाबा रंगाच्या कारखान्यात कामाला होते, पण आमच्या अंबरनाथच्या चाळीत त्यांची ओळख पत्रकवाले अशी होती. नळाला पाणी नाही, रेशनवर गहू नाही, कुणाला कामावरून काढलं, की संध्याकाळी आमच्या ओट्यावर चार माणसं जमायची आणि पत्रक तयार व्हायचं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरच. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी वाचता येत होते. चौदाव्या वर्षी मी स्वतः पहिलं पत्रक लिहिलं, नळाबद्दल. बाबांनी लाल पेनने त्यातली बहुतेक विशेषणं खोडली.

"विशेषणांनी नळाला पाणी येत नाही," ते म्हणाले. "मागणी काय ते लिही."

आई पत्रकं वाचत नसे. उरलेली पत्रकं पालथी पसरून ती त्यांच्यावर तांदूळ निवडायची. तिचं म्हणणं, खडा पांढऱ्या कागदावर चांगला दिसतो.

माझी आई मोरिवलीला लागून असलेल्या एका चिनीमातीच्या कारखान्यात तपासणीला होती. घरातल्या मीटरशेजारी पांढरे फ्यूज असतात, त्यांची चिनीमातीची अंगं तिथे भट्टीतून निघायची. नऊ बायका एका लांब बाकावर ट्यूबलाइटखाली बसायच्या. प्रत्येकीचा एक नंबर, प्रत्येकीपुढे दोन ट्रे. निळा चांगल्या नगांचा, लाल वाया गेलेल्यांचा. डाग, टवका, वाकडं भोक आणि सगळ्यात वाईट म्हणजे केसासारखी चीर. चीर असलेला फ्यूज पावसाळ्यात दगा देतो. आईचा नंबर सात होता. सतरा वर्षं.

आईला कुठल्याच वस्तूवर सहज विश्वास ठेवायची सवय नव्हती. बदलापूरच्या बाजारात माठ घ्यायला गेली की ती पंधरा माठांना टिचक्या मारायची, कान लावायची, पुन्हा पहिल्याकडे यायची. कुंभार वैतागून म्हणायचा, "बाई, माठ घेताय का तबला?" मी लाजून बाजूच्या दुकानात तोंड खुपसून उभी राहायचे.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आई मला सुईत दोरा ओवायला सांगू लागली. मग एकदा भातात खडा आला. बाबा म्हणाले, "वय झालं तुझं," आणि हसले. आई हसली नाही. काही दिवसांनी भांडी घासताना तिने मला खरं सांगितलं. डाव्या डोळ्याला धुकं होतं, उजव्यालाही येत चाललं होतं.

"आणि कंपनीच्या डॉक्टरने कसं पास केलं तुला?"

"तक्ता पाठ केला."

दरवर्षी बायकांची डोळेतपासणी व्हायची. भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता, एकेकीने पुढे होऊन वाचायचा. आईने रांगेत मागे राहून पुढच्या दोघींचं ऐकून घेतलं आणि आपली पाळी आल्यावर धाडधाड म्हणून दाखवलं. शेवटची ओळसुद्धा.

"डॉक्टर म्हणाला, तुमची नजर गरुडासारखी आहे." ती पातेलं उपडं करत म्हणाली. "बाबांना बोलू नकोस. ते पत्रक काढतील."

मी बोलले नाही. तपासणीच्या बाईची नजर गेली म्हणजे बाक गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. आईच्या हातात दुसरं काम नव्हतं आणि बाक तिला आवडायचा. घरी ती आमची आई होती, शेजाऱ्यांची वहिनी होती. तिथे ती सात नंबर होती आणि तिने लाल ट्रेत टाकलेला नग साहेबही परत उचलत नसे.

शेवटच्या वर्षी आमच्या एका सरांनी मला कुठूनतरी मिळालेल्या परदेशी लेखांच्या झेरॉक्स दिल्या. अक्षरं पुसट, आकृत्या काळ्या. त्यात न्यूरल नेटवर्क नावाची गोष्ट होती. बदलापूरला सरांच्या घरी, त्यांच्या जेवायच्या टेबलावर बसून मी ती दोन महिने समजून घेतली. त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांच्या बायकोने दर वेळी पोहे केले. हे उपकार मी कुठल्या पत्रकात लिहिणार?

जे समजलं ते असं. एरवी आपण कॉम्प्युटरला नियम लिहून देतो. इथे नियम द्यायचा नाही, उदाहरणं द्यायची. फोटो म्हणजे आकड्यांचा चौकोन, काळ्याला शून्य, पांढऱ्याला दोनशे पंचावन्न, मधल्या राखाडीला मधले आकडे. ब्लॉकवाल्याचे ठिपकेच ते. हे आकडे आत शिरतात, एकमेकांशी गुणले जातात, मिळवले जातात आणि शेवटी यंत्र अंदाज सांगतं, चांगला किंवा वाईट. चुकलं की आपण सांगायचं, चुकलास. मग ते आतले सगळे गुणक अगदी किंचित हलवतं. पुन्हा दाखवायचं, पुन्हा हलवायचं. हजारो वेळा. कुठेही 'चीर अशी असते' असं लिहिलेलं नसतं, तरी एक दिवस ते चीर ओळखतं. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता. आमच्या चाळीतल्या कितीतरी बायका अशाच शिकल्या होत्या. पुस्तक कुणी दिलं नव्हतं. चुकलीस, एवढंच सांगितलं होतं.

पास झाल्यावर मी उल्हासनगरात एका सिंधी सेठकडे नोकरीला लागले. तो कॉम्प्युटर जोडून विकायचा, दुरुस्त करायचा आणि कुणी काहीही मागितलं तरी "हो जाएगा साईं" म्हणायचा. असंच एकदा तो कुणाला तरी हो म्हणून आला आणि मला म्हणाला, "अरे, तेरा वो जाला है ना, जो फोटो पहचानता है? एक पार्टी को चाहिए. माल चेक करने का है."

पार्टी कोण विचारलं, तर आईचा कारखाना.

मी त्या दिवशी घरी येऊन बाबांसमोर भाषणच केलं. यंत्र म्हणजे मालकाचा डोळा, नऊ बायकांची रोजीरोटी, मी हे पाप करणार नाही, उद्या राजीनामा. बाबा शर्टाला बटण लावत होते. दोरा त्यांनी स्वतःच ओवला होता, हे मला दिसलं.

"तू नाही केलंस तर दुसरा करील," ते म्हणाले. "आणि त्याची आई तिथे नसेल. यंत्र येणारच. मागणी काय ते ठरव."

मग आम्ही दोघांनी मागणी लिहिली. यंत्र आलं तरी एकाही बाईला कामावरून काढू नये. वर मी एक ओळ घातली, 'यंत्राला डोळे आम्ही दिले!' बाबांनी ती खोडली नाही. मला वाटलं, आता मी लिहायला शिकले.

आई सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "कर तू. माझ्यापेक्षा बरे असतील त्याचे डोळे."

कारखान्यातल्या गोदामात मला एक कोपरा मिळाला. बँकेत पहाऱ्याला लावतात तसा काळा-पांढरा कॅमेरा, दोन दिवे, एक कॉम्प्युटर. बायकांनी तपासलेले ट्रे माझ्याकडे यायचे, प्रत्येकावर बाईचा नंबर. मी एकेक नग कॅमेऱ्याखाली ठेवायचे, फोटो घ्यायचे आणि लाल ट्रेतला असेल तर वाईट, निळ्यातला असेल तर चांगला असं लिहायचे. दोन आठवडे हेच. बायका जेवायच्या सुट्टीत डोकावून जायच्या. आईच्या शेजारच्या बाकावर मोरिवलीची एक आगरी काकू होती. ती रोज दारात उभी राहून विचारायची, "काय गो, शिकला का तुजा पोरगा?"

"शिकतोय, काकू."

"शाळेत घाल म्हनावं. हितं फुकट खातंय लाइट."

आणि एक दिवस तो शिकला. दुपारची वेळ होती. कधीही न दाखवलेले पंधरा नग मी एकामागून एक खाली ठेवले आणि त्याने चौदांबद्दल बरोबर सांगितलं. ज्याने कधी माती पाहिली नाही, भट्टी पाहिली नाही, त्याला टवका कळला! मी सेठला फोन लावला. तो पलीकडून ओरडला, "मैंने बोला था ना, हो जाएगा!" खरं तर त्याला यातलं काही कळत नव्हतं. पण पगार देऊन दोन आठवडे नुसते फोटो काढू देणारा दुसरा कोण भेटला असता मला?

मग मी एकेका बाईचा ट्रे वेगळा काढून यंत्राशी ताडून पाहिला. आठ बायकांचं आणि यंत्राचं जवळपास जमत होतं. शंभरात चार-पाच फरक. सात नंबरच्या ट्रेत मात्र दर शंभराला वीस-बावीस फरक निघाले आणि सगळे एकाच जातीचे. आईने लाल ट्रेत टाकलेले नग यंत्र चांगले म्हणत होतं. मी त्यांचे फोटो मोठे करून पाहिले, नग दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिले. पांढरे, स्वच्छ, डाग नाही, चीर नाही.

मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, आई चाचपडत टाकते आहे. दिसत नाही म्हणून कुठलाही नग वाईट ठरवते आहे, म्हणजे निदान वाईट माल बाहेर जायला नको.

त्याच गुरुवारी तपासणी खात्याचे साहेब गोदामात आले. उंच, इस्त्रीचे, आवाज कधी न चढवणारे. म्हणाले, "कुणाचं मशीनशी जमत नाही त्याची यादी द्या मला. नंबरवार."

मी यादी दिली. आठ नंबरांची. सातची फ्लॉपी माझ्या पर्समध्ये होती.

"सातचं काय?"

"फोटो नीट आले नाहीत, सर."

"परत घ्या. सोमवारी मालक येतायत. तेव्हा नऊच्या नऊ दाखवा."

लहानपणापासून मी 'सत्य दडपू नका' असं छापलेल्या कागदावर अभ्यास केला होता. आणि पहिल्याच वेळी, जिथे सत्य माझ्या हातात फ्लॉपीच्या रूपाने होतं, तिथे मी ते पर्समध्ये टाकलं.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. बाबा बाहेर गेले होते. आई ओट्यावर पांढरी साडी निळीच्या पाण्यातून काढत होती, विहारात नेसायची. मी तिच्या शेजारी बसले आणि सांगून टाकलं, की तुझा ट्रे वेगळा पडतोय, साहेब यादी मागतायत, सोमवारी काय करू कळत नाही.

आईने साडी बादलीत सोडली.

"वेगळा म्हणजे? चुकीचा?"

"तू चांगले नग टाकतेस, आई. मी स्वतः पाहिलेत."

"कुठे पाहिलेस?"

"फोटोत. आणि दिव्याखाली."

"सतरा वर्षांत बाकावर किती वेळा आलीस माझ्या?"

एकदाही नाही. कामगार या शब्दावर मी कितीतरी पत्रकं लिहिली होती. त्या बाकापासून वीस पावलांवर दोन आठवडे बसले होते आणि तयार ट्रे तेवढे मागवून घेतले होते.

"उद्या ये," आई म्हणाली. "आणि येताना निळीची पुडी आण. ही संपली."

शनिवारी सकाळी मी आई आणि काकू यांच्यामध्ये बाकावर बसले. काकू म्हणाली, "अगो बाय, आज साहेबीन आमच्यात!" पलीकडून कुणीतरी खिदळलं. भिंतीवर साहेबांच्या सहीचा कागद होता, 'तपासणी फक्त डोळ्यांनी करावी. नग ठोकू नयेत.' पूर्वी कुणीतरी लोखंडी पान्याने ठोकून बरेच नग टवकवले होते, तेव्हापासूनचा.

आईने नग उचलला, दिव्याखाली धरला, सगळ्या बाजूंनी फिरवला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई किती बारकाईने बघते. मग हात खाली, मांडीवर, साडीच्या घडीत गेला. तिथे तिने नग दोन बोटांत अलगद लोंबता धरला आणि नखाने टिचकी मारली. टिण्ण. निळ्या ट्रेत. दुसरा नग. टिण्ण. तिसरा. टक.

"ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. तिसऱ्याचा आवाज उठलाच नाही, बसूनच राहिला. लाल ट्रेत.

मी तो उचलून दिव्याखाली पाहिला. काही नाही. आईने मला चार नग दिले, डोळे मिटायला सांगितले. मी टिचक्या मारल्या. पहिल्यांदा मला फरक कळेना. "लोंबता धर," आई म्हणाली, "घट्ट धरलास तर चांगलाही मुका होतो." लोंबता धरला. मग कळला. बदलापूरच्या बाजारात मी लाजून तोंड फिरवून उभी राहायचे, तेव्हा हाच आवाज माझ्या पाठीमागे वाजत होता.

"तुम्ही सगळ्याच मारता?" मी काकूला हळूच विचारलं.

"शंका आली का मारतो. डोल्यांनी दिसतंय तं कोन उगा नख झिजवंल? तुजी आईच येडी. येकेक वाजवते."

म्हणजे असं होतं. बाकीच्यांना दिसत होतं, म्हणून त्या अधूनमधून ऐकायच्या. आईला दिसत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक नग ऐकायची.

जेवायच्या सुट्टीत आम्ही तिघींनी गोदामात बादली भरली. आईने निळीची अख्खी पुडी त्यात ओतली. सात नंबरच्या लाल ट्रेतले, यंत्राने चांगले म्हटलेले तीस नग आम्ही त्या पाण्यात बुडवून ठेवले, डबे खाल्ले आणि मग एकेक काढून ओल्या फडक्याने पुसले. चकाकीवरून नीळ निघून गेली. चिरेतून निघाली नाही. पांढऱ्या अंगावर केसाएवढी निळी रेघ, कुठे भोकापासून कडेपर्यंत, कुठे तळाला आडवी. तीसपैकी एकोणतीस नगांवर.

"आणि हा?" मी तिसावा दाखवला.

आईने टिचकी मारली, कान दिला. पुन्हा मारली. "हा माझ्याकडून चुकला," ती म्हणाली आणि निळ्या ट्रेत ठेवला.

संध्याकाळी मी सेठकडे जाऊन सगळं सांगितलं. यंत्र चीर बघू शकत नाही, कारण जी चीर दिसतच नाही ती फोटोत कुठून येणार. मी साहेबांशी खोटं बोलले. ऑर्डर जाईल. सेठ चहा बशीत ओतत होता. बराच वेळ फुंकत राहिला.

"मशीन झूठ बोले तो चलता है, ठीक कर देंगे," तो म्हणाला. "तू झूठ बोलेगी तो मैं किसको ठीक करूँ? सोमवार को सब बोल दे. मैं साथ आता हूँ."

आणि तो आला. पांढरा शर्ट घालून, अत्तर लावून, जणू लग्नाला.

सोमवारी गोदामात मालक, साहेब, सेठ आणि मी. दारात नऊ बायका. बाबांनी पत्रकं छापून आणली होती. ती माझ्या पिशवीत होती, आणि बाबांनी बजावलं होतं, आधी बोल, मग वाट. मी आधी खोट्याची कबुली दिली. मग डाग, टवके, वाकडी भोकं यंत्र कसं पकडतं ते दाखवलं. मालक खूश झाले. मग मी सातचा ट्रे पुढे ठेवला, म्हटलं, इथे यंत्र चूक आहे आणि बाई बरोबर, आणि निळ्या रेघांचे एकोणतीस नग टेबलावर मांडले.

साहेबांनी एक उचलला. "हे कळलं कसं? चीर तर दिसत नाही."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई पुढे आली.

"वाजवून, साहेब."

"ठोकायला मनाई आहे ना?"

"ठोकत नाय ओ," दारातून काकू म्हणाली. "टिचकी मारतो. तुमची आई माठ घेताना काय करते? चष्मा लावून बघत बसते?"

बायका हसल्या. मालक हसले. साहेबांना हसू आलं नाही. ते आईकडे बघत म्हणाले, "बाकीच्या डोळ्यांनी बघतात. तुम्हालाच प्रत्येक नग वाजवायची काय गरज?"

मला वाटलं, आता संपलं. आईने पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"मला दोन वर्षं नीट दिसत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना मी तक्ता पाठ म्हणून दाखवला. काढायचं तर काढा. पण माझ्या ट्रेतला माल परत आलाय का कधी, ते आधी बघा."

साहेब बाहेर गेले आणि परत आलेल्या मालाची नंबरवार वही घेऊन आले. तिथेच उभं राहून त्यांनी पानं उलटली, बरीच मागची. शेवटी वही मिटली आणि म्हणाले, "नाही आलेला." तेवढंच. पण त्या माणसाला मी तेव्हापासून माणूस मानते, कारण तो 'नाही आलेला' म्हणायच्या ऐवजी काहीही म्हणू शकला असता.

मालकांनी सेठला विचारलं, "मग तुमच्या मशीनचं काय करायचं?"

"साईं, मशीन की आँख है, कान नहीं," सेठ म्हणाला. "कान आपके पास पहले से हैं. फुकट में क्यों फेंकते हो?"

ठरलं ते असं. डाग आणि टवके यंत्र बघेल. त्याआधी प्रत्येक नग बायका वाजवतील. भिंतीवरचा कागद उतरला आणि नवा लागला. एकाही बाईला काढलं नाही. बाकावर सहा उरल्या, तिघी पॅकिंगला गेल्या. त्यांपैकी एक माझ्याशी अजून बोलत नाही. तिला बाक आवडायचा आणि पॅकिंगमध्ये दिवसभर उभं राहावं लागतं. ती रागावली ते बरोबर आहे. आमच्या मागणीत 'काढू नये' एवढंच होतं, 'हलवू नये' हे लिहायचं मला सुचलं नव्हतं. आई मात्र बाकावरच राहिली. अट एकच, डोळे करून घ्यायचे.

पिशवीतली पत्रकं मी वाटली नाहीत. 'यंत्राला डोळे आम्ही दिले!' त्या बायकांनी यंत्राला काय दिलं आणि काय दिलं नाही, हे मला ती ओळ लिहिताना माहीत नव्हतं. आईने पुढे वर्षभर त्या पत्रकांवर तांदूळ निवडले.

पहिलं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. पट्टी काढल्यावर आईने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "केस विंचरत जा गं जरा." दुसरा डोळा चार महिन्यांनी. बाबांना मोतीबिंदूचं पहिल्यापासून माहीत होतं, असं नंतर निघालं. आई आपणहून कधी सांगते, याची ते वाट बघत होते.

यंत्र अजून चालतं. नवीन साच्याचे नग आले की मी जाते, बाकावर बसते, स्वतः वाजवते आणि मग फोटो घेते. त्याने एखादा नग चुकवला की मला पूर्वीइतका राग येत नाही. दाखवलेले नग त्याला एकदा पाठच झाले होते, सगळे बरोबर सांगायचं, आणि नवा नग आला की बावचळायचं. तेव्हा मला ते सगळं पहिल्यापासून शिकवावं लागलं होतं. पाठांतर आणि ओळख यांतला फरक मला झेरॉक्समधून तितका कळला नव्हता.

गेल्या महिन्यात कंपनीची डोळेतपासणी झाली. डॉक्टरने या वेळी तक्ता बदलला होता. संध्याकाळी आई घरी आली, चप्पल काढायच्या आधी दारातूनच म्हणाली, "शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकले मी!"

बाबा म्हणाले, "एवढं ओरडून काय सांगतेस?"

"पाठ असतं तर चुकले असते का?" आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली.